सर्वानुमते निवडलेलं अॅप

आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात एका विद्यार्थ्याने आईवर लेख लिहिला होता. त्याची आई रोज पहाटे उठून बाजारात माळवं विकायला बसते, असं त्यात पहिलंच वाक्य होतं. अंक छापून आला तेव्हा ती माउली रोज पहाटे उठून बाजारात मालवण विकायला बसली होती. भाजीपाल्याला आमच्या सोलापूरकडे माळवं म्हणतात, हे ऑफिसातल्या संगणकाला ठाऊक नव्हतं. त्याने शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि मग कुणाला न विचारता दुरुस्तीही करून टाकली. प्राचार्य मला म्हणाले, "अहो मॅडम, तुम्ही संगणकाच्या ना?"

मी अकरावी-बारावीला संगणक शिकवते. त्यामुळे जगातल्या कुठल्याही संगणकाने केलेल्या पापाची धनी मी, असा आमच्या कॉलेजात नियम आहे. त्या चिडीत मी शोधाशोध केली, तेव्हा कळलं की सोलापुरातच एकजण मराठीसाठी शब्दतपासणीचं सॉफ्टवेअर तयार करतोय. तेही मुक्त, ज्याला ओपन सोर्स म्हणतात तसं. म्हणजे कुणीही घ्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. पैशाचा संबंध नाही.

हा आमचा प्रोग्रामर. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून आईसाठी सोलापूरला परत आलेला आणि घरात बसून कुठल्या तरी लांबच्या कंपनीचं काम करणारा. माझ्याच वयाचा आहे, पण आमच्याकडे ओळख कितीही वाढली तरी सर आणि मॅडम सुटत नाही. मी त्याला सर म्हणते, तो मला मॅडम म्हणतो, आणि भांडतानाही आम्ही हे पाळतो.

कामाला आणखी दोघं होती. एक मैंदर्गीचे निवृत्त गुरुजी. त्यांच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात आणि शब्दांची त्यांना मनापासून हौस. दुसरी माझी मैत्रीण. ती विणकराच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, एका दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर दिवसभर टाइप करणारी. दिवसभर टाइप करून कंटाळा आला की संध्याकाळी विरंगुळा म्हणून आमचं टाइप करायची. मला ती अक्का म्हणते.

आमची पद्धत साधी होती. ज्या हिरव्या अॅपवर सगळा देश लग्नपत्रिका आणि गुलाबाची फुलं पाठवतो, त्याच्यावर आमचा एक ग्रुप होता. गुरुजी पहाटे उठून फोनमध्ये बोलायचे: "नमस्कार. आजचे शब्द. कोरड्यास: भाकरीबरोबरची भाजी. डालगं: मोठी टोपली." मैत्रीण ते ऐकून टाइप करायची, मी ऱ्हस्व-दीर्घावरून वाद घालायची, प्रोग्रामर शब्द सॉफ्टवेअरमध्ये घालायचा. गावोगावचे आणखी वीसेक लोक मधूनमधून डोकावायचे. काम चाललं होतं. एखाद्या प्रकल्पाचं काम बिनबोभाट चालू असेल, तर त्याच्या व्यवस्थापनात काहीतरी कमी आहे हे ओळखावं.

ते ओळखलं प्रोग्रामरने. एका मोठ्या शहरात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन होतं, तिकडे तो जाऊन आला. लॅपटॉपवर स्टिकरं चिकटवून आणली होती, आणि डोक्यात विचार. रविवारी शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरी त्याने बैठक लावली. गुरुजी फोनवरून हजर होते.

"मॅडम, आपण मुक्त सॉफ्टवेअर करतो आणि चर्चा कुठं करतो? एका कंपनीच्या बंदिस्त अॅपवर! हे म्हणजे..." तो उपमा शोधत थांबला.

"चहा घ्या," मी म्हटलं.

"आपल्याला स्वतःची जागा पाहिजे."

मैत्रिणीने विचारलं, "तिथं काय होणार सर, जे हितं होत नाही?"

"व्यवस्थित चर्चा. उद्या नवीन माणूस आला तर त्याला जुनं काही दिसत नाही. शब्द, तक्रारी, तांत्रिक अडचणी, सगळी खिचडी. प्रत्येकाचा फोन नंबर प्रत्येकाला दिसतो. आणि त्या कंपनीने उद्या अॅप बंद केलं तर?"

यातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता. त्याच्याशी वाद घालायची हीच पंचाईत आहे, तो कधी चुकीचं बोलत नाही.

फोनमधून गुरुजी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. मी येतो तिकडं. कुटं यायचं तेवढं सांगा."

कुठं यायचं हे ठरवण्यात पुढचे काही महिने गेले. त्या काळात आमच्या प्रकल्पात मराठी शब्द सोडून बाकी सगळ्याची तपासणी झाली.

पहिलं अॅप ऑफिसांसाठी बनवलेलं होतं. दिसायला देखणं. पण थोडे दिवस झाले की ते जुने संदेश लपवायचं आणि बघायचे असतील तर पैसे मागायचं. दुसरं खेळ खेळणाऱ्या पोरांचं होतं. आत शिरल्याबरोबर एक रंगीत रोबो प्रत्येकाला विचारायचा, तुम्ही कोणता खेळ खेळता? गुरुजींनी प्रामाणिकपणे लिहिलं, "खो-खो. पूर्वी." त्यावर रोबोने त्यांना फटाके उडवून दाखवले आणि पंधरा खोल्यांच्या समोर उभं करून तो निघून गेला. तिसरं प्रोग्रामरच्या विशेष प्रेमातलं, फार जुनं. काळा पडदा आणि नुसती अक्षरं. त्याची खासियत अशी की आपण हजर नसताना जे बोललं जाईल ते आपल्यासाठी कायमचं गेलं. शिवाय त्यात मराठी जोडाक्षरं मोडून पडायची. शुद्धलेखनवाल्यांनी तिथं बसून चर्चा करावी, यातली गंमत त्याला जाणवत नव्हती. तो म्हणायचा, "अक्षरांचं मी बघतो. शिस्त बघा याची."

प्रत्येक अॅपसाठी नवं खातं, नवा पासवर्ड. गुरुजींचा ईमेल त्यांच्या सुनेच्या फोनवर होता आणि सून अक्कलकोटला शाळेत शिकवायला जायची. खातं खरंच तुमचं आहे का, हे विचारणारा आकडा सुनेच्या फोनवर यायचा आणि ती वर्गातून बाहेर येईपर्यंत शिळा व्हायचा. गुरुजी कधी कुरकुरले नाहीत. नव्या शाळेत बदली झालेल्या मास्तरासारखे ते दर वेळी नव्या अॅपवर हजर व्हायचे आणि लिहायचे, "उपस्थित."

शेवटी चौथं सापडलं. मुक्त, स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं, आणि कमालीचं सुरक्षित. संदेश असे कुलूपबंद की ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच वाचता यावेत. 'माळवं' म्हणजे भाजीपाला, ही माहिती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून हे आवश्यकच होतं.

सर्व्हर म्हणजे प्रोग्रामरच्या घरातला एक जुना संगणक. तो स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला होता, कारण इंटरनेटची वायर तिथपर्यंतच पोचत होती. त्याच्या आईला मिक्सर लावायचा असला की त्या संगणकाची पिन काढायच्या. त्यांच्याकडे चटणी वाटली जात असताना मराठी भाषेचं काम जगभर थांबायचं.

प्रोग्रामरने आत दालनं केली: घोषणा, शब्द, तांत्रिक, सर्वसाधारण, अवांतर. दालनांची नावं काय असावीत याची चर्चा करायला आणखी एक दालन केलं आणि सगळ्यात जास्त वर्दळ त्यातच झाली. 'अवांतर'ला 'गप्पा' म्हणावं का, यावर मीही बरंच लिहिलं. आता वाचायला गेलं तर मुद्दे चांगले आहेत माझे.

त्या दिवसांत 'शब्द' दालनात गुरुजींच्या नावापुढे रोज पहाटे एक करडी पट्टी दिसायची: हा संदेश उलगडता येत नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मी विचारलं, "सर, गुरुजींचं काही दिसत नाही."

"त्यांची किल्ली जुळत नसेल. पण बघा, म्हणजे सुरक्षा चांगली चालू आहे."

"त्यांना सांगितलं का?"

"तिथंच लिहिलंय मी त्यांना, सविस्तर."

त्याने गुरुजींना खरंच पायरीपायरीने लिहिलं होतं, चित्रांसकट. गुरुजींना ते दिसत होतं का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पुढे सुनेचा फोन बदलला, गुरुजींचं खातं आपोआप बाहेर पडलं आणि करड्या पट्ट्याही थांबल्या. आम्हाला वाटलं, उन्हाळा आहे, थकले असतील.

मग मतदान झालं. नवं अॅप कायम करावं आणि जुना हिरवा ग्रुप बंद करावा का? मतदान अर्थातच नव्या अॅपवर होतं, कारण लोकशाहीसुद्धा स्वतःच्या सर्व्हरवर असायला पाहिजे. ज्यांना आत येता येत नव्हतं त्यांच्यापैकी कुणीही विरोध नोंदवला नाही. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. प्रोग्रामरने हिरव्या ग्रुपवर आभाराचा संदेश टाकला आणि तिथं इतरांना लिहिता येणार नाही अशी व्यवस्था केली.

गुरुजी महिनाभर गप्प आहेत, हे लक्षात आलं मैत्रिणीच्या. तिच्या हाताला टाइप करायला शब्दच नव्हते. तिने त्यांना फोन केला आणि मग मला.

"अक्का, गुरुजी नीट बोलले नाहीत. 'तुमचं चालू द्या, मी माझ्या कामात आहे' म्हणाले. मला म्हणे, 'आपण'. मला कधी आपण म्हणत नाहीत ते."

तेवढ्यावरून आम्ही पुढच्या रविवारी मैंदर्गीला गेलो, तिघंही. एसटीने अक्कलकोट, तिथून पुढे दुसरी गाडी. प्रोग्रामर वाटेत गुरुजींची किल्ली कशी परत मिळवता येईल ते समजावत होता. मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती.

दारात गुरुजींच्या पत्नी होत्या. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच व्हय ते शब्दवाले? या, बसा. ह्यांना तुमी काढून टाकलं म्हनं?"

गुरुजी आतून आले. इस्त्रीचा सदरा घातलेला, चेहरा परीक्षा घ्यायला बसल्यासारखा. त्यांनी फोन आमच्यासमोर धरला. हिरव्या ग्रुपच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात.

प्रोग्रामर म्हणाला, "काढलं नाही सर. स्थलांतर केलंय आपण."

"मग मला कुटं नेलं?"

गुरुजी पुढे म्हणाले, "उभा जन्म वर्गात गेला माझा. वर्गाबाहेर काढलेलं कळतं मला. मला वाटलं, 'हाय'-'न्हाय' शब्दांत घ्या म्हणून मी धरून बसलो, ते तुम्हाला गावंढळ वाटलं असेल. सांगायचं होतं तसं तोंडावर."

"तसं काही नाही, गुरुजी," मी म्हटलं. "तुमचं लिहिलेलं आम्हाला दिसतच नव्हतं."

प्रोग्रामरने फोन मागून घेतला, बराच वेळ काहीतरी दाबून बघितलं. मग मान वर न करता म्हणाला, "किल्ली गेली. ते संदेश आहेत सर्व्हरवर, सुरक्षित आहेत. पण वाचता येणार नाहीत."

"तुम्हाला?"

"कुणालाच."

"मला पण?"

"तुम्हाला पण."

गुरुजींनी चष्मा काढला. "मग एवढे दिवस पहाटे उठून मी कुणाशी बोलत होतो?"

त्यांच्या पत्नी पाण्याचे तांबे घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लई बोलायचे की. मला वाटायचं, कुनीतरी ऐकतंय."

प्रोग्रामरला मी इतकी वर्षं ओळखते. बाजू मांडायला त्याला शब्द कमी पडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो उठून गुरुजींच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "चुकलं सर माझं." एवढंच. त्यात एकही कारण नव्हतं, पुढे मागे काही नव्हतं. मी त्याला टोमणा मारायच्या तयारीत होते, तो तसाच गिळला.

असं झाल्यावर गुरुजी विरघळतील आणि प्रकरण मिटेल, असं आम्हाला वाटलं. गुरुजी विरघळले, पण ते म्हणाले, "आता मला तुमची गरज नाही. माझा ग्रुप आहे."

त्यांनी खरोखरच स्वतःचा ग्रुप काढला होता, हिरव्या अॅपवरच. आसपासच्या गावांतले निवृत्त शिक्षक, एक पोस्टमन, देवळातले पुजारी, शेतकरी, कुणाच्या कुणाच्या आत्या. आमच्यापेक्षा कितीतरी मोठा. लोक शब्द बोलून पाठवत होते: भांड्यांचे, वैरणीचे, नात्यांचे, अर्धे मराठी अर्धे कन्नड. आणि गुरुजींनी त्याला नियमावली केली होती. शब्द सकाळी, अर्थावरचे वाद दुपारी. शुभेच्छा कोणत्याही वेळी नाहीत. दुसऱ्याच्या गावचा शब्द खोटा म्हणायचा नाही. नियम मोडला तर एक दिवस मौन. बऱ्याच जणांचं मौन चालू होतं; एक आत्या तर रुसून बाहेर पडल्या होत्या आणि त्यांनी बहिणीला घेऊन तिसरा ग्रुप काढला होता.

प्रोग्रामर वाचू लागला आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "सर, मौनाची कल्पना फार चांगली आहे. पण मौन संपलं हे कोण ठरवतं?"

"मी."

"एकट्याने नको. समिती पाहिजे."

"समितीला नियम क्रमांक काय द्यायचा?"

ते दोघं त्यानंतर जेवायला हाक मारेपर्यंत उठले नाहीत. मैत्रीण आणि मी स्वयंपाकघरात गेलो. काकू कन्नडमध्ये काही विचारायच्या, मैत्रीण अंदाजाने तेलुगूत उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान जमत होतं. ज्यांना संवादाची साधनं निवडायची होती ते बाहेर समितीची घटना लिहीत होते.

तिथून निघताना जे ठरलं ते असं: गुरुजींचा ग्रुप आहे तिथंच राहील. आमचं सुरक्षित अॅपही राहील, ज्यांना त्यात आनंद आहे त्यांच्यासाठी. आणि प्रोग्रामर या दोन्हींमध्ये एक पूल बांधेल, म्हणजे इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे दिसेल. कुलूप काढून टाकायचं, हेही त्याने स्वतःहून सांगितलं.

पूल त्याने खरंच बांधला. पहिल्याच सकाळी त्यावरून गुलाबाची फुलं, वाफाळते कप आणि तीन देव आले. परदेशातून आम्हाला मदत करणाऱ्या एका मराठी मुलाने विचारलं, हा गुलाब कुठल्या शब्दाचं चित्र आहे? गुरुजींनी त्या दिवशी निम्म्या तालुक्याला मौन दिलं.

हरवलेले शब्द गुरुजींना परत आठवून सांगावे लागले. त्यासाठी प्रोग्रामर काही रविवार मैंदर्गीला जात राहिला. आम्हाला म्हणाला, पुलाची चाचणी घ्यायला जातो. बरेचसे शब्द सापडले. काही नाही सापडले. गुरुजी बोलता बोलता थांबायचे, हवेत हात हलवायचे, "अहो ते, काय ते, आई म्हणायची," आणि मग पुढचा शब्द घ्यायचे. आपल्या सर्व्हरवर ते आहेत हे प्रोग्रामरला ठाऊक होतं. एकदा तो मला म्हणाला, "मॅडम, मी तो संगणक बंद करू शकत नाही हो. त्यात आहेत ना ते."

सॉफ्टवेअर अखेर लोकांच्या हाती गेलं. 'हाय' आणि 'न्हाय' त्यात गेले, माझ्या दोन आक्षेपांसह. आक्षेप कुणी वाचलेले नाहीत.

मध्यंतरी कुंभारीची एक मुलगी आमच्यात आली. नुकतीच पदवी झालेली, हुशार, सॉफ्टवेअरमधली एक चूक तिने आल्या आल्या शोधून काढली. ही चूक कुठं कळवू, असं तिने नम्रपणे विचारलं. प्रोग्रामरने तिला 'तांत्रिक' दालनात पाठवलं. गुरुजींनी सांगितलं, दुपारी विचारा. मी तिला एक लांबलचक पान वाचायला दिलं, जे मीच लिहिलं होतं. तिने सगळ्यांना धन्यवाद दिले आणि ती दिसेनाशी झाली. गेली बिचारी, असं आम्ही धरलं.

पण काही दिवसांनी शब्द बिनचूक यायला लागले. गुरुजींचा शब्द, त्याचा अर्थ, गाव, उच्चार, सगळं जागच्या जागी. चूकही दुरुस्त झालेली. चर्चा मात्र कुठल्याही दालनात नाही, पुलावर नाही, ग्रुपवर नाही. मी तिला गाठून विचारलं, "तू आणि गुरुजी बोलता तरी कुठं? कोणतं अॅप आहे हे?"

"अॅप न्हाय मॅडम," ती म्हणाली. "फोन करते की."

हे मी प्रोग्रामरला अजून सांगितलेलं नाही.